प्रयोगशाळेपासून वस्तीपर्यंत : टाटा मेमोरियलची वाटचाल

गोवंडी स्थानकावर सीएसएमटीकडे जाणारी गाडी पकडली आणि कुर्ल्याला उतरून मध्य रेल्वेची धीमी लोकल घेतली, की परळ येते. तिथे टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. त्याच गोवंडीहून पनवेलकडची गाडी धरली, की खारघर येते. तिथे त्याच संस्थेचे संशोधनाचे मोठे केंद्र आहे. एका टोकाला रुग्णांची रांग, दुसऱ्या टोकाला प्रयोगशाळा आणि मधल्या वाटेवर आपली गोवंडी. वस्तीतल्या कर्करोग तपासणी शिबिराच्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेत परळच्या संस्थेचा इतिहास कशासाठी, असे कुणी विचारले, तर त्याचे पहिले उत्तर या नकाशात आहे. दुसरे उत्तर अधिक जवळचे आहे. शिबिरात आपल्या आया-बहिणींची जी तपासणी होते, तिने जीव वाचतो हे मुंबईच्याच झोपडपट्ट्यांमध्ये, आपल्यासारख्याच घरांतल्या बायकांच्या सहभागातून सिद्ध झाले आहे.

या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. संशोधन आणि रोजचा उपचार यांच्यातले अंतर आपोआप मिटत नाही. रुग्णाचा खिसा, त्याचा बुडणारा रोज आणि त्याची वस्ती यांचा विचार संशोधनाच्या मूळ प्रश्नातच ज्यांनी घातला, त्यांच्या हातून ते मिटले. ज्या संशोधनात हा विचार नव्हता, ते कितीही मोठे असले तरी आपल्या गल्लीपर्यंत पोचायला त्याला वर्षानुवर्षे लागली.

एका निधीची दोन रोपे

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी टाटा पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, निवर्तले. पत्नीवर परदेशात झाले तसे उपचार भारतात मिळावेत, ही दोराबजींची इच्छा होती. मृत्यूपूर्वी त्यांनी आपली संपत्ती विश्वस्तनिधीच्या हवाली केली होती. त्या निधीतून परळला सात मजली इमारत उभी राहिली आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेव्हा खाटा ८० होत्या आणि वर्षाचा खर्च सुमारे ५ लाख रुपये होता. कर्करोग म्हणजे मरणाची चिठ्ठी, असे मानण्याचा तो काळ. अशा काळात फक्त या एका रोगासाठी वेगळे रुग्णालय काढणे हे धाडसच होते.

याच निधीतून १९३६ साली आणखी एक संस्था निघाली होती. नागपाड्याच्या वस्तीत क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी शाळा सुरू केली. १९४४ मध्ये तिचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था झाले आणि १९५४ मध्ये ती देवनारला आली. गोवंडी स्थानकावरून आपण रोज जिच्या फाटकासमोरून जातो, ती हीच टिस. एकाच दात्याच्या पैशातून एक संस्था रोगावर काम करू लागली आणि दुसरी रोग्याच्या घरादारावर. या दोन कामांची पुन्हा गाठ पडायला बराच काळ जावा लागला. ती कशी पडली ते पुढे येईलच.

धोतराची गाठ आणि तोंडातली तंबाखू

रुग्णालय उघडले तेव्हापासून तिथल्या विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. कर्करोगाविषयी जे काही लिहिले जात होते, ते बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवरून लिहिले जात होते. खानोलकरांनी समोरच्या रुग्णाकडे पाहिले. कंबरेभोवती धोतर किंवा लुगडे वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळल्याने कातडी काळी पडते, जाड होते आणि तिथे जखम होऊन पुढे कर्करोग होतो, हे त्यांनी व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली नोंदवले. पेटते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा आणि खैनीमुळे होणारा कर्करोगही त्यांनी त्याच लेखात मांडला. रोगाचे कारण माणसाच्या रोजच्या सवयीत शोधायचे, हा पाठ या संस्थेने पहिल्या पाच वर्षांतच घालून दिला.

१९५२ साली रुग्णालयाच्या शेजारीच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. खानोलकर त्याचे पहिले संचालक. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवलेल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी इथे देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभारली. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवायच्या आणि त्या कशा वाढतात, कशा बिघडतात ते पाहायचे, असे ते काम होते. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हे तंत्र आत्मसात केले आणि त्या परत परळला आल्या. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाची जबाबदारी सांभाळली, १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी भागात स्त्रिया व मुलांच्या पोषणाच्या कामाला गेल्या. एका वैज्ञानिकाच्या आयुष्यात सूक्ष्मदर्शक आणि गावची अंगणवाडी इतकी जवळ आलेली क्वचितच दिसते.

मुंबईत नेमक्या किती जणांना, कोणता कर्करोग होतो, हे मोजण्याचे कामही याच काळात सुरू झाले. डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. मोजल्याशिवाय नियोजन नाही, हे तत्त्व आज आपल्याला सहज पटते. त्या काळी मात्र प्रत्येक रुग्णालयातून हाताने नोंदी गोळा कराव्या लागत.

ट्रॉम्बेचा शेजार

संस्थेचा खरा कायापालट १९६२ साली झाला. रुग्णालय आणि संशोधन केंद्र या दोन्हींचा कारभार केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे गेला. १९६६ मध्ये दोन्ही एकत्र करून टाटा मेमोरियल सेंटर बनले. अणुऊर्जेचा आणि कर्करोगाचा संबंध काय, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. किरणोपचाराला लागणारा कोबाल्ट आणि थायरॉइडच्या कर्करोगावरचे किरणोत्सारी आयोडीन या दोन्हींची वाट अणुभट्टीतून जाते. आणि अणुभट्ट्या होत्या ट्रॉम्बेला, आपल्या मानखुर्दच्या पलीकडे. १९६३ मध्ये ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राने परळला टाटाच्याच आवारात किरणोत्सारी औषधांचे केंद्र सुरू केले. पुढे याच भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभाट्रॉन' हे किरणोपचाराचे देशी यंत्र तयार केले. पहिले भाभाट्रॉन खारघरला बसले. परदेशी यंत्रापेक्षा स्वस्त असल्याने ते छोट्या शहरांतल्या रुग्णालयांपर्यंत पोचले आणि भारताने ते व्हिएतनामलाही भेट दिले.

१९८३ च्या मार्चमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी परळला देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. त्याच दशकात मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेबरोबर एक उपचारपद्धती आखली गेली. डॉक्टर तिला 'एमसीपी ८४१' म्हणतात. तिच्या आधी हा आजार झालेल्या पाच मुलांतले जेमतेम एक वाचत असे. या पद्धतीने हे प्रमाण साधारण निम्म्याच्या वर गेले. परदेशातल्या उपचारांची जशीच्या तशी नक्कल न करता इथल्या रुग्णालयांना पेलेल अशी औषधे आणि असे वेळापत्रक ठरवले, हे या यशाचे मर्म होते.

परळची जागा अपुरी पडू लागली, तेव्हा संशोधन विभाग २००२ मध्ये खारघरच्या साठ एकर जागेवर गेला. संशोधक परळच्या वॉर्डापासून लांब गेले, अशी काळजी तेव्हा स्वाभाविक होती. म्हणूनच खारघरला प्रयोगशाळांच्या जोडीला रुग्णांसाठी खाटा आणि उपचारांच्या चाचण्यांचे केंद्रही उभे केले गेले. त्यामुळे आज गोवंडीचा रुग्ण उपचारांसाठी कधी परळला जातो, कधी खारघरला.

वस्तीत सिद्ध झालेली तपासणी

गोवंडीकरांनी ज्याची विशेष आठवण ठेवावी, असे या इतिहासातले पान १९९८ साली लिहायला सुरुवात झाली.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पाश्चात्त्य देशांतली तेव्हाची प्रचलित तपासणी म्हणजे पॅप स्मिअर. तिला प्रयोगशाळा लागते, नमुना वाचणारा तज्ज्ञ लागतो आणि अहवाल घ्यायला बाईला पुन्हा यावे लागते. हातावर पोट असलेली बाई एक खाडा कसाबसा करते. दुसरा करायला ती तयार होत नाही. टाटाच्या डॉ. इंद्रनील मित्रा, डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न असा विचारला : डॉक्टर नाही, प्रयोगशाळा नाही, अशा ठिकाणी दहावी शिकलेल्या बाईने तपासणी केली, तर जीव वाचतील का?

तपासणीची रीत अगदी साधी. वस्तीतच एखादी खोली किंवा तंबू घ्यायचा. एक टेबल, चांगला उजेड देणारा दिवा, निर्जंतुक केलेली साधने आणि चार टक्के अॅसिटिक आम्ल, म्हणजे घरातल्या व्हिनेगरसारखेच द्रावण. गर्भाशयाच्या मुखावर ते कापसाने लावायचे आणि एक मिनिट थांबायचे. पेशींमध्ये बिघाड असेल तर तिथे पांढरा डाग उमटतो. निरोगी जागेवर तो दिसत नाही. निकाल तिथल्या तिथे कळतो आणि बाई घरी जाण्यापूर्वीच पुढच्या तपासणीचे तिला सांगता येते. याला 'व्हीआयए' म्हणतात. त्याच भेटीत प्रशिक्षित आरोग्यसेविका हातांनी स्तनांचीही तपासणी करत असे.

मुंबईतले झोपडपट्ट्यांचे वीस गट निवडले. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया अभ्यासात आल्या. त्यांतल्या साधारण निम्म्या, ७५,३६० स्त्रियांना दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत तपासणीला बोलावले गेले. उरलेल्या गटाला कर्करोगाविषयी माहिती दिली गेली, पण ही तपासणी मिळाली नाही. तपासणीने जीव वाचतो असे आधीच वाटत असताना निम्म्या स्त्रियांना तिच्यावाचून ठेवणे योग्य होते का, अशी टीका पुढे झाली. ती गंभीर टीका होती आणि इतिहासात तिची नोंद राहायला हवी.

२०१३ साली शिकागोच्या कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत डॉ. शास्त्रींनी निकाल मांडला. तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. ही पद्धत देशभर राबवली तर वर्षाला सुमारे २२ हजार स्त्रियांचे प्राण वाचू शकतील, असा संशोधकांचा अंदाज होता. स्तनाच्या तपासणीचा निकाल वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये आला. सगळ्या वयोगटांचा एकत्र विचार करता मृत्यूंतली घट सांख्यिकीच्या कसोटीवर पुरेशी ठाम ठरली नाही. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मात्र ती जवळपास ३० टक्के होती. शिवाय तपासणीच्या गटात रोग पुढच्या टप्प्यात गेल्यावर सापडण्याचे प्रमाण ३७ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ते ४७ टक्के होते.

या अभ्यासात आणखी एक आकडा आहे, तो फारसा चर्चेत येत नाही. बोलावलेल्यांपैकी ८९ टक्के स्त्रिया तपासणीला आल्या. पण ज्यांच्यात संशय आढळला, त्यांतल्या सुमारे ७९ टक्केच पुढच्या पक्क्या तपासणीसाठी गेल्या. म्हणजे आरोग्यसेविकेने घरोघर जाऊन समजावल्यावरही दर पाच जणींतली एक वाटेतच थांबली. विज्ञान वस्तीच्या दारापर्यंत आले, तरी रुग्णालयाच्या दारापर्यंतचे अंतर उरलेच.

मुंबईत हे चालू असतानाच उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा मोठा अभ्यास चालू होता. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात टाटाच्या मदतीने १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू होती. त्या पायावर डॉ. नेने, डॉ. जयंत आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन यांनी ५२ गाव-गटांतल्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकदाच केलेल्या चाचणीने पुढच्या टप्प्यातले कर्करोग आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असा निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे व्हीआयए एकदाच केली होती आणि तिचा तसा परिणाम दिसला नाही. मुंबईत तीच तपासणी चार वेळा झाली आणि कामी आली. शिबिर एकदा घेऊन भागत नाही, ते पुन्हा पुन्हा घ्यावे लागते, हा या दोन अभ्यासांतून निघणारा धडा आहे.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने तिशीपुढच्या सर्वांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासणीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. तोंड डोळ्यांनी तपासायचे, स्तन हातांनी तपासायचे आणि गर्भाशयमुखासाठी व्हीआयए करायची. मुंबईच्या गल्ल्यांमध्ये जे तपासून पाहिले, ते देशाचे धोरण झाले.

महाग औषधाविना वाचलेले जीव

त्यानंतरच्या काळात संस्थेने उपचारांच्या चाचण्यांतही हाच विचार पुढे नेला. नवे, महागडे औषध आले की ते आपल्याकडे कधी येईल याची वाट पाहायची, हा एक मार्ग होता. हाताशी असलेल्या गोष्टींतून अधिक जीव कसे वाचतील ते शोधायचे, हा दुसरा. टाटाने दुसरा मार्ग धरला.

तोंडाचा कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडला, तर शस्त्रक्रियेच्या वेळीच मानेतल्या गाठीही काढाव्यात की त्या पुढे वाढल्या तरच काढाव्यात, यावर जगभरच्या शल्यचिकित्सकांत अनेक दशके मतभेद होते. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून परळला याची रीतसर चाचणी घेतली. २०१५ मध्ये निकाल आला. गाठी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते. वाट पाहिलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. या निकालाला नवे यंत्र लागले नाही, नवे औषधही लागले नाही. गुटखा, मावा आणि खैनीने ज्यांचे गाल आखडले आहेत, त्या आपल्या भागातल्या तरुणांना याचा थेट उपयोग आहे.

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिग्नोकेनचे, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या साध्या औषधाचे इंजेक्शन द्यायचे, अशी एक चाचणी डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली झाली. दात काढताना आपल्यालाही याच जातीचे औषध देतात. देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांचा अभ्यास झाला. इंजेक्शन दिलेल्यांपैकी पाच वर्षांनी ९०.१ टक्के जिवंत होत्या, न दिलेल्यांपैकी ८६.४ टक्के. इंजेक्शनचा खर्च शंभर रुपयांच्या आत.

तिसरे उदाहरण अधिक बोलके आहे. पुढच्या टप्प्यातल्या डोके-मानेच्या कर्करोगावर निव्होलुमॅब नावाचे प्रतिकारशक्तीचे औषध आहे. त्याची पूर्ण मात्रा मध्यमवर्गीयालाही झेपत नाही. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी दर तीन आठवड्यांना अवघी २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी मात्रा, तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांबरोबर दिली. एक वर्षानंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले.

याच संस्थेत सर्वांत अवघड विज्ञानही होते आहे. पवईच्या आयआयटीत डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने, टाटाच्या डॉक्टरांबरोबर, रक्ताच्या काही कर्करोगांसाठी रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींमध्ये जनुकीय बदल करून त्या परत शरीरात सोडण्याचे तंत्र देशात विकसित केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईला त्याचे लोकार्पण केले. परदेशात या उपचाराला तीन-चार कोटी रुपये पडतात. इथे तो खर्च साधारण दशांशावर आला आहे. तरीही तो सामान्य घराच्या आवाक्याबाहेर आहे, हे स्पष्ट सांगायला हवे.

एकटे पडू न देणे

उपचार उत्तम असले तरी रुग्ण ते अर्ध्यावर सोडून गावी निघून गेला, तर सगळे संशोधन फुकट जाते. एके काळी टाटाच्या बालरोग विभागात दर पाच मुलांपैकी साधारण एक मूल उपचार अर्धवट सोडून जात असे. कारण बहुधा एकच. राहायला जागा नाही, खायला पैसे नाहीत आणि गावाकडे दुसरी मुले एकटी. धान्य, निवास, रक्त, समुपदेशन आणि वडिलांना रोजगार यांची सोय संस्थेने आणि सोबतच्या सेवाभावी संस्थांनी लावली, तेव्हा हे प्रमाण एकअंकी झाले. परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा यांनी वर्षानुवर्षे जे केले आहे, तेही याच कामात मोजले पाहिजे. मुंबईत बाहेरून आलेल्या कितीतरी कुटुंबांना उपचार पुरा करता आला, तो या छपरांमुळे.

आणि इथे देवनार पुन्हा या इतिहासात येते. २०१९ मध्ये टाटा मेमोरियलने टिसच्या सहकार्याने 'केवट' हा अभ्यासक्रम सुरू केला. यात शिकून तयार होणारा कार्यकर्ता रुग्णाच्या हाताला धरून त्याला पहिल्या तपासणीपासून उपचार संपेपर्यंत वाट दाखवतो. गाठीच्या नमुन्याची स्लाइड आणि ब्लॉक कुठे द्यायचे, कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो, महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी शिधापत्रिकेची प्रत कशी जोडायची, केमोनंतर घरी ताप आला तर कुठे फोन करायचा, हे सगळे सांगणारे माणूस आता पगारावर नेमले जाते. परळची औषधविद्या आणि देवनारचे समाजकार्य, दोराबजींच्या निधीतून निघालेली ही दोन कामे अखेर एका टेबलाशी येऊन बसली.

२०१२ साली टाटाच्या पुढाकाराने राष्ट्रीय कर्करोग ग्रिड सुरू झाले. देशभरातली तीनशेहून अधिक रुग्णालये त्यात आहेत. उपचारांचे निकष सगळीकडे सारखे असावेत, हा पहिला हेतू. या रुग्णालयांनी एकत्र येऊन चाळीस औषधांच्या किमतीची बोलणी केली, तेव्हा किमती २३ ते ९९ टक्क्यांनी उतरल्या आणि सुमारे १,३२० कोटी रुपये वाचले. वाराणसी, गुवाहाटी, संगरूर, विशाखापट्टणम, मुल्लानपूर, मुझफ्फरपूर इथेही संस्थेची रुग्णालये उभी राहिली आहेत. आपल्या गोवंडीतल्या उत्तर प्रदेश, बिहारच्या कुटुंबांना आता गावाजवळ उपचार मिळू शकतो.

आपल्या वाट्याचे काम

८० खाटांचे रुग्णालय आज देशातल्या कर्करोग उपचाराचा कणा झाले आहे. पण मुंबईच्या एम पूर्व विभागात, म्हणजे शिवाजीनगर, बैंगनवाडी, लल्लुभाई कंपाउंड, रफीनगर इथे राहणाऱ्या माणसासाठी हा इतिहास तेव्हाच खरा ठरेल, जेव्हा तो वेळेवर परळला पोचेल. आपल्या भागात खोकला आला की तो टीबीच, असे धरून औषधे चालतात. टीबीची तपासणी जरूर करावी. पण औषधे घेऊनही खोकला थांबत नसेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर छातीची पुढची तपासणी लांबवू नये. तोंडातला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा तीन आठवड्यांत भरत नसेल, तोंड नीट उघडत नसेल, तर मेडिकलमधून मलम आणून वेळ काढू नये. स्तनातली गाठ दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी आहे, असे समजू नये. पाळी बंद झाल्यावर रक्तस्राव झाला किंवा संबंधानंतर रक्त गेले, तर लाजेने गप्प बसू नये. बायका दुखणे अंगावर काढतात. घरातल्या पुरुषांनीच त्यांना दवाखान्यात न्यायला हवे.

महापालिकेच्या आरोग्य केंद्रात आणि शताब्दी रुग्णालयात पहिली तपासणी होते. गरज पडली तर तिथून पुढे पाठवले जाते. पाठवलेल्या दिवशीच निघावे. पहिल्या दिवशी सोबत एक माणूस, शिधापत्रिका, आधार कार्ड आणि आधीचे सगळे कागद असावेत. मशेरी, गुटखा, मावा, खैनी आजच सोडावी. सोडणे जड जात असेल, तर आरोग्यसेविकेला सांगावे.

मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाख स्त्रियांनी आपल्यासाठी या ज्ञानाची पायाभरणी केली आहे. यंदाच्या शिबिराला येताना प्रत्येक बाईने शेजारच्या दोघींना सोबत आणावे. ज्या बाईला पुढच्या तपासणीला बोलावले जाईल, तिच्याबरोबर परळपर्यंत जायला आपल्यातले कुणीतरी तयार असावे. ज्यांना जाता येईल, त्यांनी शिबिराच्या दिवशी कार्यकर्त्यांकडे आपले नाव आणि मोकळा वार नोंदवावा.